दोन बाटल्या पाणी

गोखिवऱ्याच्या नाक्यावर मासळी घेऊन बसणाऱ्या बायका नव्या सुनेला आधी पाणी न पिणं शिकवतात, मासळी कापणं नंतर. उर्सुला लग्न होऊन पाचूबंदरला आली आणि तिसऱ्या महिन्यात सासूबरोबर टेम्पोत चढली, तेव्हा सासूने, लुईझाबाईने, तिच्या हातातला तांब्या काढून घेतला होता. "तोंड ओलं कर, बस. गिळू नको." सकाळी आठ ते दुपारी दोन नाक्यावर ऊन, धूळ, ट्रक आणि माणसांची वर्दळ. पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळे होतात. बाईने कुठे जायचं? त्यावर बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या काढलेला उपाय एवढाच, की पोटात पाणीच जाऊ द्यायचं नाही. उर्सुलाने तो सव्वीस वर्षं शहाण्या सुनेसारखा पाळला.

त्याचं फळ गेल्या सप्टेंबरात मिळालं. बंदरावर लिलाव चालू होता. बोंबलाच्या टोपलीवर बोली लावायला तिने हात वर केला आणि डाव्या कुशीत अशी कळ उठली की ती ओल्या वाळूत बसली, मग आडवी झाली, मग गुडघे पोटाशी घेऊन गडाबडा लोळू लागली. कुणी म्हणालं ग्यास, कुणी म्हणालं वाकडं पाऊल पडलं. नवरा गॅब्रिएल बोटीवर खोल समुद्रात होता. तिची मुलगी रीटा कामाला निघायच्या तयारीत होती, ती तशीच धावत आली आणि आईला रिक्षात घालून वसईतल्या दवाखान्यात घेऊन गेली.

सोनोग्राफी झाली. डाव्या किडनीत दोन सेंटिमीटरचा खडा होता.

डॉक्टर बाई होत्या, त्यामुळे उर्सुलाला जरा धीर आला. पण बाईंचा पहिलाच प्रश्न नेमक्या दुखऱ्या जागी आला.

"दिवसाला पाणी किती पिता?"

"पिते ना."

"किती?"

उर्सुलाने रीटाकडे पाहिलं. "चहा धरून?"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर घेवड्याच्या दाण्यासारखी किडनी काढली आणि समजावलं, की पोट फाडायचं नाही, पाठीला बोट जाईल एवढं भोक पाडायचं, त्यातून दुर्बीण घालायची, खडा आतच फोडायचा आणि तुकडे त्याच वाटेने बाहेर काढायचे. तीन-चार दिवसांत घरी. रीटाला केवढं बरं वाटलं. उर्सुलाला मात्र ते पटेना. आजवर तिने किती मासे साफ केले त्याला गणती नाही. फाडलं की आत काय आहे ते डोळ्यांनी दिसतं, हात चुकत नाही. भोकातून कुणाला काय दिसणार? पण हे तिने बोलून दाखवलं नाही. तिने दुसरंच विचारलं.

"कामावर कधी जाता येईल?"

"दोन-तीन आठवडे तरी जड उचलायचं नाही."

"आठ दिवसांत नाय?"

आठ दिवसांना कारण होतं. नाक्यावर कुणाच्या नावाने काही लिहिलेलं नाही. जिचा पाट जिथे, ती जागा तिची. एखादी आजारी पडली, घरात लग्न निघालं, तर शेजारणीने तिच्या पाटावर आपली पेटी ठेवून जागा राखायची. पण आठ दिवस. नवव्या दिवशी जी बसेल तिची. उर्सुलाची जागा अगदी कोपऱ्यावरची, कंपनीतून सुटणारी माणसं जिथे वळतात तिथली. सासूच्या सासूने धरलेली. लुईझाबाईचे पाय आता गेले होते, ती घरीच असायची, पण रोज दुपारी सून टेम्पोतून उतरली की दारातूनच विचारायची, "जागा हाय ना?" जशी काही जागा उठून कुठे चालली होती.

उर्सुलाने नाक्यावरच्या आनंदीबाईला फोन केला. आनंदीबाई तिच्या शेजारी वीस वर्षं बसत होती. भांडण झालं की दोघी चार-चार दिवस बोलत नसत, पण सुट्टे पैसे एकमेकींच्याच पिशवीतून घेत.

"तू जा गो, फोडून घे तो धोंडा," आनंदीबाई म्हणाली. "मी बघते कोन बसते ती."

ऑपरेशनच्या सकाळी उर्सुलाने हात लिंबाने घासले, पुन्हा साबणाने घासले, बोटं चुरचुरायला लागली. तरी सलाईन लावणाऱ्या नर्सने मान किंचित फिरवलीच. गळ्यातला क्रूस काढून रीटाच्या मुठीत दिला. हिरव्या कपड्यातल्या माणसांनी तिला ढकलत नेलं, वर दिवे होते, थंडी होती, आणि तिला एवढंच आठवत राहिलं की भूल देताना कुणीतरी तिचं नाव विचारत होतं आणि ती सांगत होती, "कोपऱ्यावरची."

शुद्धीवर आली तेव्हा पाठीतून एक नळी बाहेर आली होती, पिशवीत लालसर पाणी जमत होतं. डॉक्टरांनी छोट्या डबीत खड्याचे तुकडे दिले. तपकिरी, दातेरी. एवढ्याशा ऐवजाने तिला वाळूत लोळवलं होतं. पाठीतली नळी दुसऱ्या दिवशी काढली. भोकावर एक पट्टी, बस. उर्सुलाला खरंच आश्चर्य वाटलं.

घरी सोडताना डॉक्टर मायलेकींसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"आत एक बारीक नळी ठेवलीय. किडनीपासून मूत्राशयापर्यंत. बाहेरून दिसणार नाही. तिच्यामुळे सारखी लघवीला लागेल, जळजळ होईल, ते चालेल. तीन आठवड्यांनी या, दहा मिनिटांत काढते. पण विसरायचं नाही. ती आत राहिली तर तिच्यावरच खडे धरायला लागतात. आणि पाणी. तीन लिटर. रोज."

बोटीच्या बुडाला शिंपले धरतात तसे, उर्सुलाच्या मनात आलं. रीटाने तारखेचा कागद फ्रिजवर लोहचुंबकाने लावला.

दहाव्या दिवशी उर्सुला टेम्पोत चढली. रीटाने आदळआपट केली, सासूने मात्र अडवलं नाही. पेटी आनंदीबाईने उतरवून घेतली. कोपऱ्यावर उर्सुलाचा पाट होता, त्यावर आनंदीबाईची पेटी होती, आणि पलीकडे किंजलचा टब वीतभर सरकून आत आला होता. किंजल नवी, तरणीताठी, नायगावहून स्कूटीवर तळ्याचे मासे घेऊन यायची.

"ही बोलली, आठ दिवस झाले," आनंदीबाईने सांगितलं. "मी बोलली, आम्ही रविवार धरत नाय."

किंजल हसली, पण टब मागे घेतला नाही.

रीटाने त्या दिवसापासून रोज एक-एक लिटरच्या दोन बाटल्या भरून द्यायला सुरुवात केली. दुपारी दोन्ही रिकाम्या परत यायच्या, असा तिचा हुकूम. पहिल्या दिवशी उर्सुला खरोखरच अर्धी बाटली प्यायली. वीस मिनिटांत आतली नळी टोचायला लागली. लागलं म्हणजे तिथल्या तिथे लागलं, थांबायला उसंत नाही. तिने आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या पाठीमागेच बाथरूमच्या सामानाचं मोठं दुकान होतं. काचेआड पांढरेशुभ्र कमोड ओळीने मांडलेले, खाली दिवे सोडलेले. सव्वीस वर्षांत नाक्याची ही केवढी प्रगती! ती ओचा झटकून आत गेली.

"मावशी, ते शोचे आहेत," मॅनेजर म्हणाला. "पाइप जोडलेला नाही."

"ते नको रे बाबा. तुमचा आतला असंल ना? दोन मिनिटं."

"तो स्टाफचा आहे. आणि गिऱ्हाईक असतं हो, वास..." पुढचं त्याने गिळलं. लाद्यांवर तिच्या ओल्या पायांचे ठसे उमटले होते, त्याकडे तो पाहत राहिला.

शेवटी आनंदीबाईने मोठी छत्री उपटली आणि तिला रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या ट्रकच्या आडोशाला नेलं. एका बाजूला भिंत, एका बाजूला ट्रक, पुढे छत्री धरून आनंदीबाई. उर्सुला बसली, आणि तेवढ्यात ट्रक चालू झाला. ड्रायव्हरला बिचाऱ्याला काय ठाऊक. तो निघून गेला, आणि भर सकाळी अकरा वाजता अख्खा रस्ता उर्सुलाकडे पाहत राहिला. बसस्टॉपवरची माणसं. शाळेच्या रिक्षातली मुलं. तिला उठता येईना, थांबवताही येईना. आनंदीबाई छत्री घेऊन या बाजूला धावली, त्या बाजूला धावली, शिव्या देत राहिली. उर्सुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तेवढंच झाकण्यासारखं हातात होतं.

दोघी पाटावर परतल्या. उर्सुला पापलेटं उलटीसुलटी करत राहिली. तिला मरणाची लाज वाटली होती.

दुसऱ्या दिवशी तिने रीटाची बाटली उघडली, तोंड ओलं केलं आणि उरलेलं पाणी मासळीवर शिंपडलं. मासळीवर सारखं पाणी मारावंच लागतं, नाहीतर माशाचा डोळा मरतो, मासळी शिळी दिसते. कुणाला काही वावगं दिसलं नाही. दुपारपर्यंत दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या. रीटाने संध्याकाळी त्या हलवून पाहिल्या आणि आईच्या गालाची पापी घेतली.

"बघ, ठरवलं की जमतं तुला."

उर्सुलाला त्या पापीचा चटका बसला. पण तिसऱ्या दिवशीही तिने तेच केलं, आणि चौथ्या. घरी संध्याकाळी दोन पेले प्यायची, तेवढ्याने मनाची समजूत घालायची. लघवी कधी लाल यायची, कधी चहासारखी. ती घाईघाईने पाणी ओतून टाकायची.

तीन आठवड्यांची तारीख जवळ आली तसं तिला रोज पहाटे धस्स व्हायला लागलं. जायचं म्हणजे पुन्हा दोन दिवस नागा. तिकडे किंजलचा टब तयारच. आणि डॉक्टर विचारणार, पाणी किती पिता. दुर्बीण घालून आतलं सगळं पाहणारी बाई ती, तिच्याशी खोटं कसं बोलणार? रीटा सुट्टी टाकायला निघाली तेव्हा उर्सुला म्हणाली, "तू कशाला खाडा करतेस? पप्पा येतायत बोटीवरून, त्यांच्याबरोबर जाते." गॅब्रिएल आला, दोन दिवस राहिला, जाळी दुरुस्त केली. त्याने विचारलं, "ती नळी?" उर्सुला भाकरी थापता थापता म्हणाली, "रीटाने नेलेलं." तो समाधानाने पुन्हा समुद्रावर गेला. रीटाने कामावरून फोन करून विचारलं तेव्हाही उत्तर तयार होतं, पप्पांनी नेलेलं. फ्रिजवरच्या कागदावर शेजारच्या लग्नाची पत्रिका लागली, तिच्यावर आणखी एक लागली. नळी आत होती आणि घरात ते फक्त उर्सुलाला माहीत होतं.

नळी आठवण मात्र द्यायची. वाकलं की कुशीत टोचायची, खोकलं की खाली जळायचं. रात्री ती पोटावर हात ठेवून पडायची आणि बोटीचं बूड तिच्या डोळ्यांसमोर यायचं. उद्या सांगू, असं ती रोज ठरवायची. जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड झालं. तीन दिवसांचं खोटं सांगता येतं, चाळीस दिवसांचं कोणत्या तोंडाने सांगायचं?

नवव्या आठवड्यात, नोव्हेंबरच्या कडक उन्हात, तिला थंडी वाजायला लागली. एक बाई मांदेलीचा वाटा मागत होती. उर्सुलाच्या हातातून मांदेली खाली पडली. दात वाजायला लागले. आनंदीबाईने कपाळाला हात लावला आणि ओरडलीच.

"तव्यासारखं तापलंय गो! रिक्षा! ए रिक्षा!"

"जागा..." उर्सुला म्हणाली.

"जागेला लाव काडी!" आनंदीबाईने दोघींच्या पेट्या किंजलपुढे ढकलल्या. "बघ गो जरा," एवढं म्हणून ती उर्सुलाला कवेत धरून रिक्षात बसली. किंजलने पटकन आपलं गोणपाट पेट्यांवर ओढलं.

दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला. आत नळीची पांढरी रेघ होती, आणि वरच्या-खालच्या टोकांना ती रेघ फुगून जाड झाली होती. धावत आलेली रीटा आधी एक्स-रेकडे पाहत राहिली, मग आईकडे.

"पप्पांनी काढून आणली ना नळी?"

उर्सुलाने नकारार्थी मान हलवली.

"नळीवर खडे धरलेत, आत जंतूंची लागण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आधी ताप उतरवायचा. मग लेझरने वरचं फोडून नळी सोडवून बघू. अशी ओढली तर आत फाटेल. किडनी किती खराब झालीय ते आज सांगता येत नाही." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पाणी पीत होता ना?"

"हो, रोज दोन बाटल्या कामावर," रीटाने घाईने सांगितलं. "मी स्वतः भरून देते."

खोलीत पंखा फिरत होता. आनंदीबाई दाराशी पदर दाताखाली धरून उभी होती. तिला सगळं माहीत होतं, शेजारीच बसायची ती.

"मासळीवर मारलं," उर्सुला म्हणाली.

"काय?"

"पानी. रोज. मासळीवर."

 रीटाला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती चिडून म्हणाली, "मला एकदा तरी सांगायचंस ना गं. मी रोज बाटल्या हलवून बघायचे." उर्सुलाने तिचा हात धरायला आपला हात पुढे केला, त्यात सलाईनची सुई होती. रीटाने तो जपून धरला.

तीन दिवस ताप उतरेना. तीन दिवस उर्सुला छताकडे पाहून एकच गोष्ट मागत राहिली: ही किडनी राहू दे. आश्चर्य म्हणजे त्या तीन दिवसांत कोपरा तिच्या मनात आला नाही. चौथ्या दिवशी तिला पुन्हा त्या थंड खोलीत नेलं. बाहेर आली तेव्हा डॉक्टरांचा मास्क हनुवटीवर होता.

"नळी निघाली. किडनी वाचली," त्या म्हणाल्या. "पण अशाच कोरड्या बसत राहिलात तर परत खडा होणार. दर वेळी वाचेल याची खात्री मी देत नाही."

घरी आली तेव्हा लुईझाबाई नेहमीसारखी दारात बसली होती. जागेचं तिने काही विचारलं नाही. भिंत धरत, एक-एक पाय ओढत ती आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. चालताना निम्मं पाणी सांडलं होतं. सून ते संपवेपर्यंत ती समोर उभी राहिली.

पंधरा दिवसांनी उर्सुला नाक्यावर गेली. आठ दिवस कधीच उलटले होते, तरी कोपरा आनंदीबाईने राखला होता. उर्सुलाने तिथला आपला पाट उचलला आणि काखेत मारला.

"कुठं चाललीस?" आनंदीबाईने विचारलं.

"पंपाकडे. तिथं संडास हाय, मी विचारून आलीय. इथं तू बस."

वीस वर्षं आनंदीबाईचा त्या कोपऱ्यावर डोळा होता, हे दोघींनाही ठाऊक होतं. भांडणात ते किती वेळा निघालं होतं. पण आता ती खूश झाल्यासारखी दिसली नाही. "तिथं काळं कुत्रं येनार नाय मासळी घ्यायला," एवढंच म्हणाली.

पेट्रोलपंप नाक्यापासून बराच पुढे, वळणाच्या पलीकडे. तिथे येणारे लोक गाडीत बसून येतात आणि गाडीत बसूनच जातात. पहिल्या दिवशी निम्मी मासळी उर्सुलाने परत नेली. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून थोडी कमी. संडासाची कडी मोडकी होती, दाराला आतून पाय लावून बसावं लागे, आणि चावी मागायला वॉचमनकडे जाताना रोज मान खाली जायची. पण दोन्ही बाटल्या संपत होत्या, आणि तिच्याच पोटात जात होत्या. विकून रिकामी झालेली पेटी की धड किडनी, असा हिशेब तिने मांडला नव्हता. घर कसं चालेल या काळजीने तिचा जीव खालीवर होत होताच.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला वळणावरून कुणीतरी येताना दिसलं. डोक्यावर पेटी, काखेत पाट, एक हात कमरेवर. आनंदीबाई होती. तिने पाट उर्सुलाच्या पाटाला लावून टाकला आणि बसताना दात आवळले.

"कोपरा?"

"किंजलला दिला. बसू दे."

उर्सुला तिच्या कमरेवरच्या हाताकडे पाहत राहिली. तो हात नाक्यावर तिने किती वेळा पाहिला होता, आणि आनंदीबाई म्हणायची, बसून-बसून धरते गो.

"कधीपासून दुखतंय?"

आनंदीबाईने बोंबलावरचा बर्फ सारखा केला. "चार वर्षं झाली."

"चार वर्षं? आनि बोलली नाय कोनाला?"

"बोलून काय? जागा सोडायची?"

उर्सुलाने दुसरी बाटली काढून तिच्यापुढे धरली. आनंदीबाईने टोपण उघडलं, घोट घेतला, तो तोंडात खुळखुळवला आणि सवयीने थुंकायला मान वळवली. उर्सुला तिच्याकडे बघत होती. आनंदीबाई तशीच थांबली, गाल फुगलेले, डोळे उर्सुलावर. मग तिने गिळलं. त्यानंतर बाटली तोंडाला लावली ती डोळे मिटून निम्मी संपवूनच खाली ठेवली. हनुवटीवरून पाणी ओघळून पदरावर आलं.

"उद्या तुला डॉक्टरकडे नेते," उर्सुला म्हणाली. "इथं कोन विचारनार नाय, जागेवर कोन बसलं म्हनून."

 दोघी रस्त्याकडे पाहत बसल्या. गाड्या येत होत्या, जात होत्या, कुणी थांबत नव्हतं. थोड्या वेळाने आनंदीबाई पाटावर चुळबुळली, इकडे तिकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली,

"चावी कोनाकडे असते गो?"